आमची वाटचाल : पीठ मळण्यापासून

ठाण्यात मुलांच्या कुकिंग पार्ट्या करणारे आता पैशाला पासरी झालेत. घोडबंदर रोडच्या दर सोसायटीच्या ग्रुपवर कुणाची तरी जाहिरात असतेच. असू दे. पण २०१६ साली नौपाड्यात मी आणि माझ्या जाऊबाईंनी सुरुवात केली तेव्हा, "वाढदिवसाला बोलावून पोरांना कणीक मळायला लावणार?" म्हणून लोक हसले होते.

आमच्याकडे पिझ्झा यीस्टपासून होतो. पाणी मनगटावर टाकून मुलांनीच बघायचं, कोमट आहे ना. मेमध्ये पीठ बघता बघता फुगतं, जानेवारीत ढिम्म हलत नाही. तेव्हा बंद ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी ठेवायचं.

टाकोची, म्हणजे मेक्सिकोतली मक्याची पोळी दाबायचं प्रेस बिडाचं, उचलताना मनगट भरून येतं. त्यात गिरणीतलं मक्याचं पीठ चालत नाही, कडेने चिरतं. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, तसाच जाऊबाई शिजवायच्या: रात्रभर त्याच पाण्यात ठेवायचा, सकाळी चोळून सालं काढायची, स्वच्छ धुवायचा आणि वाटायचा. मग गोळा हवा तसा दाबला जातो. प्रेसला दोन्ही बाजूंनी प्लास्टिक लावा हो, नाहीतर खरवडत बसाल.

सुशीसाठी, म्हणजे जपानी भाताच्या गुंडाळ्यांसाठी, आम्ही इंद्रायणी तांदूळ वापरतो. जपानी तांदळाची सर नाही, पण चिकटपणा पुरतो. व्हिनेगर, साखर, मीठ घालून परातीत पसरायचा आणि पुठ्ठ्याने वारा घालायचा; या कामासाठी पोरांची भांडणं होतात. आत मासा नाही, काकडी आणि गाजर. बाहेरून गुंडाळायची नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा पातळ कागद, मात्र पावसाळ्यात पापडासारखी सादळते.

लॉकडाऊन कसाबसा निघाला. खरा घाव बसला २०२२ मध्ये. आमच्याकडेच मदतीला असलेल्या एक बाई बाहेर पडल्या आणि निम्म्या दरात तोच मेन्यू विकू लागल्या. जाहिरातीत फोटोही आमचाच, त्यात जाऊबाईंचा हिरव्या बांगड्यांचा हात स्पष्ट दिसतो! तयार बेस, बाटलीतला सॉस, पोरांनी वरून चीज भुरभुरवायचं की झाला पिझ्झा. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये वारशाचा मान दिला. त्या कलेत बाटली कुठे बसते, कुणीतरी सांगावं. पण सोसायट्यांच्या कमिट्या खूश, कारण क्लबहाऊसच्या लाद्यांवर पीठ सांडत नाही. आमच्या ऑर्डरी आटल्या. वर्तकनगरचा गाळा सोडला, एक ओटीजी विकला. जाऊबाई म्हणाल्या, "आता पुरे." त्या पुन्हा आल्या नाहीत.

तेव्हा पाचपाखाडीच्या आजींचा फोन आला. नातवाचा वाढदिवस दर वर्षी आमच्याकडे. त्या वर्षी मात्र सून त्याला त्या बाईंच्या पार्टीला घेऊन गेली होती. "अगं, पोरगं घरी येऊन विचारतं, आजी, आम्ही केलं काय?" पाठोपाठ त्यांनी आपल्या भिशीतल्या सगळ्यांची नातवंडं माझ्या गळ्यात घातली, आणि दर कमी करायला निघाले तर मलाच दटावलं. त्या शनिवारांवर आम्ही उभे राहिलो.

नव्याने यात पडणाऱ्यांना एक सांगते: मुलांना बोथट सुरी देऊ नका, ती सटकते. बारीक दातेरी द्या.

जाऊबाईंच्या हाताचा तो फोटो अजून त्या बाईंच्या जाहिरातीत आहे. आमचं बुकिंग किमान आठ मुलांचं, निम्मा अ‍ॅडव्हान्स. जुलै-ऑगस्टमध्ये सुशी मागू नये.