फियाट मेफिस्टोफेले 1:12 : पुढची चाकं झाली

फियाटच्या मेफिस्टोफेले या जुन्या शर्यतीच्या गाडीचं, खरीच्या एक-बारांश मापाचं प्लॅस्टिक मॉडेल मी जोडतोय. इंजिन मागेच पूर्ण झालं, चासी म्हणजे सांगाडा उभा आहे. मधल्या काळात रेडिएटर आणि स्टिअरिंगचा दांडाही जागेवर बसला, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. यावेळचं खरं काम पुढच्या दोन चाकांचं.

इटालेरी या मॉडेल कंपनीचं हे किट ज्यांनी हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी गाडीची थोडी ओळख. 1908 ची फियाट एसबी4 ही शर्यतीची गाडी. 1922 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तिचं इंजिन फुटलं. अर्नेस्ट एल्ड्रिजने ती विकत घेतली, लंडनच्या बसच्या चासीचे भाग जोडून लांब केली आणि तिच्यात फियाटचं ए-12 हे विमानाचं इंजिन चढवलं. सहा सिलिंडर, 21.7 लिटर, 320 अश्वशक्ती. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 160 मिलिमीटर, म्हणजे आपल्या 1:12 मापात तेरा मिलिमीटरहून मोठा पिस्टन! जुलै 1924 मध्ये फ्रान्समधल्या आर्पाजोंच्या रस्त्यावर एल्ड्रिज धावला, तेव्हा गाडीला रिव्हर्स गिअर नाही म्हणून प्रतिस्पर्धी डेलाज कंपनीवाल्यांनी हरकत घेतली. पठ्ठ्याने गिअरची सोय केली आणि 12 जुलैला परत येऊन ताशी 234.98 किलोमीटरचा विश्वविक्रम नोंदवला. गाडी चेनवर चालणारी, ब्रेक फक्त मागे.

पुढे ब्रेक नाहीत हे आपल्यासाठी फार महत्त्वाचं. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ड्रम आणि चेनचं चक्र असतं, त्यामुळे निम्मे स्पोक झाकले जातात. पुढचं चाक मात्र आरपार दिसतं. नजर आधी तिथेच जाते, आणि तिथले स्पोक जाड असतील तर बाकी कितीही बारकाईने केलं तरी मॉडेल खेळण्यासारखं वाटतं. हिशोब सोपा आहे. प्लॅस्टिकचा स्पोक पाऊण मिलिमीटरचा असेल तर खऱ्या गाडीवर तो नऊ मिलिमीटरचा होतो. तो स्पोक नव्हे, सळई झाली. मला खऱ्या मापात साडेतीन-चार मिलिमीटरच्या जवळपास जायचं होतं, म्हणजे तार 0.30 मिलिमीटरची हवी.

अशी तार सांगलीकरांना बाहेरून मागवायची गरजच नाही. मिरजेत सतारमेकरांकडे गेलो. सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य तार नेमकी याच जाडीची असते, कडक पोलादी, आणि दाबली तरी परत सरळ होणारी. दुकानातल्या चाचांनी विचारलं, "सतारीला की तंबोऱ्याला?" गाडीच्या चाकाला म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला, मोबाइलमधला फोटो नीट पाहिला आणि दोन-तीन जाडीच्या तारा काढून समोर ठेवल्या. तार बोटांत फिरवून ते म्हणाले, "ही घ्या. पण घाम लागला की गंजेल, पुसून ठेवा." खर्जाची ब्राँझ तारही घेतली, इंजिनाच्या तेलाच्या नळ्यांना तिचा रंग आणि जाडी दोन्ही शोभतात.

निपलचा, म्हणजे स्पोकचं टोक रिममध्ये धरणाऱ्या छोट्या नळीचा प्रश्नही मिरजेतच सुटला. दवाखान्यांचं गाव, मेडिकल दर दहा पावलांवर. 23 गेजच्या इंजेक्शनच्या सुईचा आतला व्यास 0.34 आणि बाहेरचा 0.64 मिलिमीटर. 0.30 ची तार तिच्यातून अलगद सरकते, आणि बाहेरचं माप बाराने गुणलं तर पावणेआठ मिलिमीटर, खऱ्या निपलला साजेसं. कटिंग डिस्कने दोन-दोन मिलिमीटरचे तुकडे पाडले. हे करताना डोळ्यांना गॉगल हवाच, तुकडे कुठेही उडतात.

हब, म्हणजे चाकाचे मधले तुंबे, कुपवाड एमआयडीसीतल्या ओळखीच्या टर्नरकडून अ‍ॅल्युमिनियमचे करून घेतले. भोकं मात्र घरीच, पिन व्हाइसमध्ये (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलमध्ये) 0.4 मिलिमीटरचं बिट लावून, रॉकेलचा थेंब टाकत. रॉकेल नसेल तर अ‍ॅल्युमिनियम बिटला चिकटतं आणि बिट तुटतं. रिमवरच्या जागा किटच्या चाकावरूनच खुणावल्या आणि मग जुने स्पोक कापून काढले.

चाक जोडताना धरून ठेवणारा जिग साधा: अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, त्यावर रिम घट्ट बसेल असा खाचा, मधे हबसाठी खिळा. तारेचे तुकडे आधी काचेवर ठेवून वरून स्टीलची पट्टी दाबत फिरवले, की गुंडाळीचा बाक जातो. स्पोक लावताना क्रम महत्त्वाचा. एक लावला की त्याच्या बरोबर समोरचा लावायचा, मग काटकोनातले दोन. एकाच बाजूने गोल लावत गेलं तर हब हळूहळू सरकतो आणि चाक फिरवल्यावर डुलतं. टोकं 600 च्या सँडपेपरने खरवडली आणि डिंक म्हणून सावकाश सुकणारा इपॉक्सी वापरला. सुपर ग्लू इथे नकोच. कृष्णाकाठच्या दमट हवेत त्याची वाफ धातूवर पांढरी साय धरते आणि ती स्पोकांच्या मधून पुसताही येत नाही.

प्राइमर मारलेला नाही. त्याने जाडी वाढते, ज्या बारीकपणासाठी एवढा खटाटोप केला तोच वाया जातो. गंज टाळायला एअरब्रशने लॅकरचा एकच पातळ हात दिला. चाक उजेडासमोर धरून फिरवलं की स्पोक विरघळून जातात आणि मागची भिंत दिसते. हेच हवं होतं.

बॉनेटचा लाल रंग पाऊस ओसरल्याशिवाय मारणार नाही. या हवेत लॅकरचा जाड हात दुधाळ होतो. तोवर मागची चाकं आणि दोन्ही चेन. चेनच्या चक्राची आतली बाजू स्पष्ट दिसेल असा फोटो अजून हाती लागलेला नाही. तुरिनच्या संग्रहालयात जाऊन कुणी मागच्या बाजूचे फोटो काढले असतील तर जरूर दाखवा, त्यावर दातांचं माप ठरवता येईल.