भरण्याआधीचा पफ

नागपुरात बेकरीत जाऊन नुसतं ‘पफ’ म्हटलं, की गरम व्हेज पॅटिस हातात पडतं. ‘क्रीमवाला’ म्हटलं, तर बरणीतला क्रीम रोल. क्रीम पफचं या दोघांशी नातं दूरचंच. पॅटिस काय नि रोल काय, दोघं खारीच्याच घरातले, लोण्याच्या घड्यांनी सुटलेले पापुद्रे. क्रीम पफला पापुद्राच नसतो. एक पातळ भिंत आणि आत पोकळी, बस. फ्रेंच लोक त्याच्या पिठाला ‘शू’ म्हणतात, म्हणजे कोबी. भट्टीतून निघालेला ओबडधोबड, भेगाळलेला गोळा पाहिला, की आपल्याकडच्या पत्ताकोबीचं एखादं पिल्लू आठवतंच.

पीठ मात्र ओळखीचं आहे. ती सरळसरळ उकड आहे. 250 मिली पाणी, 100 ग्रॅम लोणी आणि चिमूटभर मीठ खळखळ उकळायचं. लोण्याचे तुकडे बारीक हवेत, नाहीतर ते विरघळेपर्यंत पाणी आटतं आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो. मग 150 ग्रॅम मैदा एकदम ओतून घोटायचा. ज्या घरात उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजतो, त्या घराला हे शिकवावं लागत नाही. चाटू तोच, मनगटाचा जोर तोच. गोळा कडा सोडून एकत्र आला आणि पातेल्याच्या तळाला पांढुरकी साय धरली, की झालं. ही दोन-तीन मिनिटं वाचवणाऱ्याचे पफ पुढे हमखास बसतात, कारण ओलं पीठ पुरेशी अंडी पीत नाही.

अंडी साधारण चार, पण ‘साधारण’वर लक्ष ठेवायचं. उकड कोमट झाल्यावर एकेक घालायचं. गरम उकडीत टाकलं तर अंडं तिथेच शिजून गुठळ्या होतात. चौथं फेटून चमच्या-चमच्यानं. चाटू उचलला की पीठ त्रिकोणी जिभेसारखं लोंबलं पाहिजे. गोळ्यानंच तुटून पडलं तर अजून हवं, धारेनं वाहिलं तर गेलं. पातळ झालेल्या पिठावर उपाय नाही. त्याचे पफ वर जाण्याऐवजी बाजूला पसरतात. एवढ्यात लहान आकाराचे पंचवीसेक होतात.

पिठात ना सोडा, ना बेकिंग पावडर. पाण्याची वाफ आतून ढकलते, टम्म पुरीसारखी, आणि अंडं त्या भिंतीला तेवढ्यात घट्ट करतं. बिनअंड्याचा पफ म्हणूनच बहुधा पावासारखा भरीव निघतो. 200 अंशांवर पंधरा मिनिटं, मग 175 वर आणखी वीसेक. पहिली वीस मिनिटं ओव्हनचं दार उघडायचं नाही. भिंत कच्ची असताना वाफ निवली, की पफ डोळ्यांदेखत खाली बसतो. रंग चांगला तपकिरी हवा, भेगांमध्येसुद्धा. फिकट पिवळा ‘छान दिसतो’ म्हणून काढलेला पफ पाच मिनिटांत सुरकुततो. काढल्यावर तळाला भोक पाडायचं, नाहीतर अडकलेली वाफ आतूनच त्याला ओला करते.

आत जाते ती दूध, अंड्याचा बलक, साखर आणि कॉर्नफ्लोअरची कस्टर्ड. बुडबुडे फुटायला लागल्यावरही तिला मिनिटभर उकळावं लागतं. बलकातलं एक पाचक द्रव्य कच्चं राहिलं, तर रात्रभरात स्टार्च फोडून सकाळी कस्टर्डची खीर करतं. थंड झाल्यावर तिच्यात फेटलेली साय मिसळली, की भरण हलकं होतं. किराणा दुकानातलं 25 टक्के फॅटचं क्रीम नीट फुलत नाही, 35 च्या आसपास लागतं. वनस्पती तेलाचं टॉपिंग मात्र उन्हातही ताठ उभं राहतं आणि तितक्याच ताठपणे टाळूला चिकटून बसतं. जिभेवर विरघळलं तर ते दुधाचं.

संत्र्याच्या हंगामात संत्रा पफ दिसला, तर घ्या. पण चव सालीतून आलेली हवी. रसानं कस्टर्ड पातळ होते, दूध फाटण्याचीही भीती. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, किसणीखाली ती सरकते. म्हणून संत्रं सोलण्याआधी, गच्च धरून, फक्त वरचा केशरी थर किसायचा. पांढरा भाग आला की कडू.

आता नागपूरच्या हवेची गंमत. मे महिन्यात 45 अंशांत क्रीमचं काही खरं नाही, पण कोरड्या हवेत रिकामं कवच पापडासारखं कडक राहतं. पावसाळ्यात तेच कवच रिकामं असूनही तासाभरात नरम. आणि घरोघरी चालणारा डेझर्ट कूलर भर उन्हाळ्यात खोलीत पावसाळा आणतो, हे कुणी लक्षात घेत नाही. पफचं ताट त्याच्यासमोर ठेवू नका.

भरलेला पफ तर कुठल्याच हवेत टिकत नाही. कस्टर्डची ओल तास-दोन तासांत भिंतीत उतरते. त्यामुळे धरमपेठेत असो की सदरला, दुकान पारखायचं ते काचेमागे मांडलेल्या भरलेल्या रांगेवरून नाही. मागे जाळीवर रिकामी कवचं आहेत का, फ्रिजमध्ये क्रीमची पिशवी आहे का, ते बघायचं. “भाऊ, आत्ता भरून देता का?” या प्रश्नाला कपाळावर आठी आली, तर तिथे क्रीम रोल घ्यावा. बेसा-मनीषनगरपर्यंत न्यायचे असतील, तर कवचं आणि क्रीम वेगवेगळी मागायची. पिशवीचं टोक घरी कापायचं.

दुकानातच खायचा असेल तर भोक वर करून धरा आणि पहिला घास तिथूनच घ्या. भोक खाली ठेवून वरून चावलं, की क्रीम सरळ शर्टावर. तोंडाला लागेल ते लागू द्या, कागद मागून ठेवा.