मकरंदगड ते पर्वत : पाणी, भाकरी आणि मुक्काम

प्रतापगडाच्या दक्षिणेला उभ्या असलेल्या मधु-मकरंदगडापासून कांदाटी खोऱ्यातल्या चकदेव आणि ‘पर्वत’ या नावांच्या डोंगरांपर्यंत सातारा जिल्ह्याची पश्चिम कड धरून चालत जाणे भटक्या मंडळींना नवे नाही. या वाटेवरच्या कड्यांविषयी आणि रानाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे लक्ष मात्र या खेपेस पिण्याचे पाणी कुठे मिळते, जेवण कोण रांधून देते आणि रात्री पाठ कुठे टेकता येते याकडेच अधिक होते. वाटेत धर्मशाळा नाही की हॉटेल नाही. जी सोय आहे ती देवळांची आणि घरांची, आणि ती महिन्यागणिक बदलते.

चतुर्बेटहून चढून घोणसपूरला पोहोचले की मल्लिकार्जुनाच्या मंदिरात ऐसपैस मुक्काम होतो. गडमाथ्यावर महादेवाचे लहान देऊळ आहे, पण रात्र काढावी अशी जागा नाही. त्यामुळे ओझे घोणसपुरात ठेवून गड पाहून यावा, हे उत्तम. माथ्याजवळच्या कातळकोरीव टाक्याकडे जाण्यासाठी देवळामागून थोडे खाली उतरावे लागते. आम्ही गेलो ते फेब्रुवारीच्या अखेरीस. पाणी बरेच खाली गेले होते, म्हणून किटलीच्या कडीला दोरी बांधून ती अलगद सोडली. वर साचलेला पालापाचोळा किटलीच्या बुडाने बाजूला सारायचा आणि मग ती तिरकी करून भरायची, अशी ती कसरत. वर आलेले पाणी दुपदरी पंचातून गाळून घेतले. ते गार होते आणि चवीला किंचित तुरट. टाक्याच्या काठावर कोणीतरी शाम्पूच्या पुड्या टाकून गेलेले दिसले. ज्या पाण्यावर पुढच्या माणसाची तहान अवलंबून आहे तिथे अंग धुण्याची बुद्धी कशी होते, हे मला आजवर उमगलेले नाही.

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून जवळच असलेल्या या वाड्यांतल्या बायकांना उन्हाळ्यात हंडा घेऊन झऱ्याशी ताटकळावे लागते, यात वरवर पाहता विसंगती वाटेल. पण डोंगर उभे आहेत, मातीचा थर पातळ आहे आणि खालचा काळा पाषाण पाणी फारसे मुरू देत नाही. बहुतेक पाऊस ओढ्यांतून थेट कोयनेच्या जलाशयात जातो. म्हणूनच दिवाळीनंतर खळाळणारा ओढा नकाशावर पाहून मार्चमधल्या मुक्कामाचा बेत आखू नये. वाटेतल्या गुराख्याला विचारावे. त्याचे उत्तर नकाशापेक्षा ताजे असते.

जेवणाची खरी कथा चकदेवाच्या पायथ्याच्या शिंदी गावात कळते. कोयना धरणाने खोऱ्याच्या तळाची भातखाचरे गिळली आणि उरलेल्या उतारावरच्या नाचणी-वरीवर घर चालेना, त्यामुळे इथली कर्ती माणसे मुंबई-नवी मुंबईच्या बाजारांत माथाडी कामाला गेली. गणपतीला आणि जत्रेला गजबजणारी घरे एरवी कुलूपबंद असतात. मागे उरलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी ऐन वेळी आठ-दहा जणांनी जाऊन ‘जेवण मिळेल का’ असे विचारणे मला रास्त वाटत नाही, कारण ‘नाही’ म्हणणे त्यांच्या जिवावर येते आणि दुकान मात्र जवळ नसते. आम्ही आदल्या दिवशी निरोप धाडला होता आणि तांदूळ, डाळ, तेल सोबत नेले होते. चुलीपाशी बसलेल्या आजींनी नाचणीचे पीठ आधणाच्या पाण्यात उकडून घेतले, परातीत तळहाताच्या टाचेने ते रगडून मऊ केले, आणि मग भाकरी थापली. “गार पाण्यात मळलीस तर कडंला फाटंल गं,” असे त्यांनी आमच्यातल्या एकीला बजावले. सोबत कुळथाचे पिठले आणि लसणाचा ठेचा होता. पैसे घेण्यास त्यांनी आधी नकार दिला. शेवटी ते देवापुढे ठेवल्यावर घेतले गेले.

शिंदीहून चकदेव चढताना दम लागतो. वर वस्ती आहे आणि चौकेश्वराचे देऊळ आहे. कोकणातल्या आंबिवलीहून शिड्यांच्या वाटेने येणारेही इथेच टेकतात. पर्वतावर जोम-मल्लिकार्जुनाचे राऊळ आहे. अशा ठिकाणी गाभाऱ्याजवळ पथारी टाकू नये, चूल आवाराबाहेर मांडावी आणि पुजाऱ्याला विचारल्याशिवाय दार लोटू नये, एवढे पाळले की कुणी हरकत घेत नाही. तंबू नेण्याचा अट्टाहास मला अनावश्यक वाटतो. माथ्यावरच्या भन्नाट वाऱ्यात देवळाचे दगडी जोते केव्हाही बरे, फक्त पिशवीतला खाऊ उंदरांपासून जपण्यासाठी तुळईला टांगावा.

हीच डोंगररांग पुढे नागेश्वर आणि वासोट्याकडे जाते, पण तिथे मुक्कामाचा विचार सोडून द्यावा. कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट आहे. वासोट्यासाठी वनखात्याची परवानगी काढून बामणोलीहून लाँचने जायचे आणि अंधारापूर्वी परतायचे, असा दंडक आहे. आम्ही त्यामुळे पर्वतावरून उतरून शिवसागराचा, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचा, काठ गाठला आणि लाँचने तापोळ्याला आलो. तिथे एसटी मिळते, बाटलीबंद पाणी मिळते आणि वडापावही मिळतो. महाबळेश्वरची गाडी सुटायला अवकाश होता, म्हणून आम्ही दुसरी फेरी मागवली.