प्रोलॉग नोंद: ‘मी सिद्ध होतो’ म्हणणाऱ्या नियमाचं काय झालं

प्रोलॉग ही तर्कावर चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा: आपण माहिती आणि नियम द्यायचे, प्रश्नाचं उत्तर ती त्यांतून सिद्ध करून काढते. यावेळी सगळा वेळ एका ओळीच्या नियमाने खाल्ला, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

आधी तयारी. एसडब्ल्यूआय-प्रोलॉगला (मी वापरतो ती प्रोलॉगची आवृत्ती) देवनागरी नावं थेट चालतात. प्रोलॉगमध्ये व्हेरिएबल, म्हणजे कुठलंही नाव बसू शकेल अशी जागा, कॅपिटल अक्षराने किंवा अंडरस्कोरने सुरू होते; आपल्या लिपीत कॅपिटल अक्षर नाही, म्हणून व्हेरिएबलच्या आधी अंडरस्कोर लावायचा. माहिती आमच्या केळीपट्ट्यातली घेतली: रावेर-सावदा, सावदा-फैजपूर, फैजपूर-भुसावळ, प्रत्येक रस्ता दोन्ही दिशांनी. खालच्या नियमांत ‘:-’ म्हणजे ‘जर’, आणि स्वल्पविराम म्हणजे ‘आणि’.

पोचतो(_क, _ख) :- रस्ता(_क, _ख).
पोचतो(_क, _ख) :- रस्ता(_क, _ग), पोचतो(_ग, _ख).

रावेरहून धुळ्याला पोचतो का? धुळ्याचा रस्ता मी दिलेलाच नाही, तरी साधं प्रोलॉग रावेर-सावदा-रावेर अशा फेऱ्या मारत बसतं. टेबलिंग लावलं, म्हणजे एकदा विचारलेला प्रश्न लक्षात ठेवून त्यात पुन्हा शिरू नको असं सांगितलं, की लगेच ‘नाही’.

आता ती ओळ:

सिद्ध_मी :- सिद्ध_मी.

टेबलिंगखाली इथेही ‘नाही’. बरोबरच आहे, कारण हा धुळ्याचाच प्रश्न आहे: स्वतःखेरीज दुसरा आधार नाही, म्हणून लघुतम मॉडेलमध्ये, म्हणजे नियमांवरून जेवढं खरं मानावंच लागतं तेवढ्याच गोष्टींत, जागा नाही. पण तर्कशास्त्रज्ञ हेन्किनने १९५२ साली अंकगणितातल्या अशाच, ‘मी सिद्ध होतो’ म्हणणाऱ्या विधानाबद्दल विचारलं होतं आणि १९५५ मध्ये ल्यॉब या दुसऱ्या तर्कशास्त्रज्ञाने उत्तर दिलं: ते सिद्ध होतं! दिसायला तेच विधान, उत्तर नेमकं उलटं. माझ्या मते सगळा फरक सिद्धतेच्या जागेत आहे. अंकगणितात सिद्धता ही संख्या म्हणून आतच असते, तिच्याबद्दल प्रमेयं मांडता येतात. माझा नियम नुसता स्वतःला हाक मारतो.

नकाराचा भाऊ, ‘मी सिद्ध होत नसेन तर मी खरा’, साध्या प्रोलॉगमध्ये स्टॅक (चालू कामाची मेमरी) भरून पडतो. टेबलिंग आणि त्याचा खास नकार वापरला तर उत्तर खरंही येत नाही, खोटंही नाही. उरलेला नियम तसाच छापून येतो. याला पुष्कळ जण तर्कशास्त्रज्ञ गोडेलचं १९३१ चं विधान म्हणतात, म्हणजे अंकगणितातलं ‘मी सिद्ध होत नाही’ म्हणणारं विधान. मला ते पटत नाही. क्लार्कच्या १९७८ च्या पद्धतीने हा नियम ‘जर आणि तरच’ असा वाचला की सरळ विसंगती निघते. गोडेलच्या विधानाने अंकगणित विसंगत होत नाही.

अंकगणितासारखी सिद्धता इथेही हातात घेता यावी म्हणून आता सिद्धतेचं झाड (कोणती गोष्ट कशावरून निघाली त्याचा आराखडा) देणारा मेटा-इंटरप्रिटर, म्हणजे प्रोलॉगचे नियम चालवणारा प्रोलॉगमधलाच प्रोग्रॅम, लिहिलाय. सावदा ते भुसावळचं झाड नीट निघालं: वर पोचतो, अगदी खाली टोकांना दोन रस्ते. पुढे या झाडांना संख्या द्यायच्या आहेत. कुणी प्रोलॉगमध्ये हे केलं असेल तर जरूर सांगा.