झाडलोटीचे दिवे, शोचे दिवे

मुंबईतल्या लिबर्टी या जुन्या सिनेमा थिएटरच्या आतले मी काढलेले पहिले फोटो आईला दाखवले तेव्हा तिनं चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "हे कुठलं ऑफिस गं?"

मला ते फार लागलं. आम्ही गिरगावातले. लिबर्टी आम्हाला पायी जाण्याइतकं जवळ. १९९४ साली तिथं 'हम आपके हैं कौन' लागला आणि शंभराहून जास्त आठवडे चालला. आईनं तो तिथं चारदा पाहिला. पण लिबर्टीचा विषय निघाला की ती सिनेमाच्या आधी पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या कारंज्यांबद्दल बोलते. "पडदा उघडायच्या आधीच तिकिटाचे पैसे वसूल व्हायचे," हे तिचं ठरलेलं वाक्य. तेच मला फोटोत हवं होतं, आणि माझ्या फोटोत नेमकं तेच नव्हतं.

फोटोत तांत्रिक चूक एकही नव्हती. ट्रायपॉड होता, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचं माप) ८, भिंतींच्या रेषा सरळ. कोपरान् कोपरा दिसत होता. पण लाकूड राखाडी दिसत होतं आणि कारंजी प्लास्टरची. म्हणजे ती प्लास्टरचीच आहेत, पण तिथं बसलेल्या माणसाला ती तशी कधीच वाटत नाहीत.

दुसऱ्यांदा परवानगी मिळाली तेव्हा तिथल्या एका जुन्या काकांना मोबाइलवर ते फोटो दाखवले. त्यांनी एका नजरेत ओळखलं. "ताई, हे झाडलोटीचे दिवे आहेत. शोचे वेगळे असतात." ते आत गेले. वरच्या ट्यूबलाइट खटाखट बंद झाल्या, क्षणभर मिट्ट काळोख, आणि मग छताच्या खाचांतून पिवळसर उजेड हळूहळू पाझरायला लागला. त्यातला एकही दिवा डोळ्यांना दिसत नव्हता. उजेड आधी छतावर पडत होता आणि तिथून खाली येत होता. भिंतींच्या लाकडाला एकदम मधाचा रंग आला. शेवटी कारंजी उजळली, आणि ती खरंच वर उसळता उसळता गोठल्यासारखी दिसली. मी कॅमेऱ्याला हातही लावला नाही, नुसती खुर्चीत बसून राहिले.

हबीब हुसेन यांनी हे थिएटर बांधलं. देश स्वतंत्र होत होता, म्हणून नाव लिबर्टी. १९४९ मध्ये मेहबूब खान यांच्या 'अंदाज'नं ते सुरू झालं. आराखडा रिडले ॲबट यांचा, पण काम पुरं होण्याआधीच ते वारले आणि इमारत जे. बी. फर्नांडिस यांनी पूर्ण केली; आतली सजावट वामन नामजोशी यांची. बाहेरच्या उंच मनोऱ्याचे फोटो सगळेच काढतात. मला वाटतं, नामजोशींचं आतलं काम त्याहून मोठं आहे. रस्त्यावरच्या उन्हातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटं लागतात. आधी लॉबी, मग जिना, मग हॉल असा उजेड पायरीपायरीनं उतरत जातो, आणि पडदा उघडेपर्यंत डोळे तयार झालेले असतात. कॅमेऱ्याला ही सवय करून घेणं जमत नाही. त्याला जे सांगाल तेच तो पाहतो, म्हणून सांगणाऱ्यानं आधी नीट पाहायला हवं.

मग कामाला लागले. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाशी जुळवून घेण्याची कॅमेऱ्याची सोय, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा तो पिवळेपणा दुरुस्त करायला जातो, म्हणून तो ३२०० केल्व्हिनला (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप) बांधून टाकला. बाल्कनीत गालिच्यावर ट्रायपॉड ठेवला की पाय किंचित रुततात आणि बराच वेळ रुततच राहतात. वीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे कॅमेरा तेवढा वेळ उजेड टिपत असताना, तेवढ्यानंही चित्र हलतं. शेवटी प्रत्येक पायाखाली लादीचा एकेक तुकडा ठेवला, श्वास धरून उभी राहिले, तेव्हा कुठे खुर्च्यांच्या पाठी रेखीव आल्या. खुर्च्यांच्या हातांच्या पॉलिशवर छताच्या उजेडाची बारीक रेघ उमटली होती, ओळीमागून ओळ, थेट पडद्यापर्यंत.

पण आई म्हणते तो क्षण दिवे लागलेले असतानाचा नाही, तो दिवे विझतानाचा. वीस सेकंदांत तो पकडता येत नाही, सगळा लगदा होतो. काकांना विनंती केली, शो सुरू होताना करता तसं कराल का? त्यांनी दोनदा केलं. आयएसओ १६००, एफ ४, अर्धा सेकंद, आणि उजेड उतरत असताना मी फोटो काढायचं बटण दाबत राहिले. दुसऱ्या वेळी अकरा फ्रेम मिळाल्या.

घरी आल्यावर त्या अकराही स्क्रीनवर ओळीनं मांडल्या. मला चौथी आवडली होती, तीत छताची नक्षी आणि लाकूड दोन्ही छान आलं होतं. आई पुढे पुढे जात दहावीवर थांबली. तीत खुर्च्या जवळजवळ दिसतच नाहीत. काळोख आहे आणि दोन बाजूंना दोन कारंजी.

"आता गप्प बसायचं," ती हळूच म्हणाली, "सुरू होतंय."

दहावीच मोठी छापायला दिली आहे.