पाय आणि पट्टा

12 मार्च 2018 रोजी भल्या पहाटे मी छायाचित्रकार सहकाऱ्याबरोबर आझाद मैदानावर पोहोचले, तेव्हा नाशिकहून सुमारे 180 किलोमीटर चालत आलेला किसान सभा या शेतकरी संघटनेचा मोर्चा तिथे नुकताच विसावला होता. दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलांची वाहतूककोंडीत अडचण होऊ नये, म्हणून ही माणसे सायनच्या सोमय्या मैदानावरून रात्रीच निघाली होती. आम्हाला कार्यालयाची सूचना एकाच ओळीची होती: बायकांचे पाय घ्या. सोलवटलेल्या तळव्यांची छायाचित्रे आदल्या दिवसापासून सगळीकडे फिरत होती आणि आमच्याकडे तसे एकही नव्हते.

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडची पन्नाशीची एक बाई लाल टोपी घालून जमिनीवर बसली होती. तिच्या टाचेची कातडी निघाली होती आणि वर लावलेले मलम धुळीने काळे पडले होते. सहकारी गुडघ्यावर बसून कॅमेरा जुळवू लागताच तिने पाय लुगड्याखाली ओढला आणि पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला.

"पाय बरा होईल. हे बघा."

तो वनपट्टा होता, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचा सरकारी कागद. कसत होती ती चार एकर. मंजूर झाले होते जेमतेम तीस गुंठे. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहितांना पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे मिळतो, त्यामुळे नवऱ्याच्या नावापाठोपाठ तिचेही नाव छापलेले होते, आणि तिने बोट नेमके तिथे ठेवले. मग राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजून घेण्यासाठी, फांद्या कुठून आणते, नागलीची रोपे कधी लावते, वरई किती झाली, हे ती सांगत गेली. नवरा द्राक्षबागेत मजुरीला गेला होता. मोर्चात तो आलाच नव्हता. हे सगळे मी वहीत उतरवले. शेवटी आम्ही मागतच होतो म्हणून तिने पायही पुढे केला.

संध्याकाळी त्या छायाचित्राखालची ओळ मीच लिहिली, आणि ती आजही मला खुपते: 'शेतकरी पतीच्या खांद्याला खांदा लावून…' वही शेजारीच उघडी होती.

छापून आल्यावर मी कार्यालयातला जुना छायाचित्रसंग्रह चाळला. 'शेतकरी' असे शोधले की औतामागचे, बाजार समितीतले पुरुष येत. बायका सापडत त्या 'महिला', 'दुष्काळ' किंवा 'आत्महत्याग्रस्त कुटुंब' या शब्दांखाली. दर जूनअखेरीस भातलावणीचे एक छायाचित्र ठरलेले असे: वाकलेल्या पाठींची रांग, चेहरा एकीचाही नाही. नवरात्रात मात्र ट्रॅक्टर चालवणारी एखादी 'रणरागिणी' हटकून लागे, जणू बाकीच्या अकरा महिन्यांत तिचे शेत पडीकच असते. 2011 च्या जनगणनेने साडेतीन कोटींहून अधिक स्त्रियांची नोंद शेतकरी म्हणून आणि सहा कोटींहून अधिक जणींची शेतमजूर म्हणून केली होती; आमच्या संग्रहाला त्याची वार्ता नव्हती.

पट्ट्याचेही एक छायाचित्र आम्ही काढले होते. अक्षरे वाचता येत नाहीत, असे सांगून संपादकीय डेस्कने ते वगळले. संग्रहात ठेवताना मी त्याच्यापुढे फक्त 'शेतकरी' लिहिले, 'महिला' लिहिले नाही. त्यामुळे दरवर्षी 8 मार्चच्या पानासाठी शोधाशोध करणाऱ्यांना ते सापडत नाही.