पावडर, बादली आणि टॉवेल

सई परांजपे यांचे सिनेमे मी पुन्हा पुन्हा लावते ते ऐकण्यासाठी. 'चष्मे बद्दूर'मधला (1981) चमकोचा प्रसंग घ्या. दीप्ती नवल 'चमको' ही कपडे धुण्याची पावडर विकायला येते, फारूख शेख दार उघडतो, आणि दोघं बोलतात ते पावडर, बादली, टॉवेल यांच्याबद्दल. प्रेमाचं कुणी नाव काढत नाही. आपल्याला मात्र सगळं कळून चुकतं.

मी मालिकांचे संवाद लिहिते. असा सीन मी दिला की हमखास निरोप येतो, 'नायिकेच्या मनातलं बोलून दाखवा.' मग मी चार वाक्यं वाढवते आणि सीनची मजा तिथेच जाते. म्हणून सईताईंनी हे कसं साधलं याचा मी फार विचार करते.

माझ्या मते याचं उत्तर त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांत आहे. आठव्या वर्षी 'मुलांचा मेवा' हे पुस्तक, मग पुणे आकाशवाणीवर मुलांचं 'बालोद्यान', पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि दिल्ली दूरदर्शन. रेडिओवर चेहरा दिसत नाही, माणूस फक्त बोलण्यातून उभा करावा लागतो. त्या सवयीचा माणूस कॅमेऱ्याकडे आला की काय बोलायचं नाही हेही त्याला नेमकं उमगतं. शिवाय एकदा लिहिलेलं पुन्हा मोडून लिहायची त्यांची तयारी असे. 'चष्मे बद्दूर'चं मूळ 'धुआँ धुआँ' या त्यांच्याच टेलिफिल्ममध्ये आहे. 'कथा' हा सिनेमा तर शं. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या नाटकावरून आला.

'स्पर्श'ला पटकथेचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि ते अगदी योग्य हाती गेलं. अंध शाळेचा मुख्याध्यापक अनिरुद्ध पाहुणीसाठी स्वतः कॉफी करतो. ती मदतीला हात पुढे करते आणि तो भडकतो. कॉफीच्या कपांवरून दोघांच्या नात्यातला पुढचा सगळा पेच तिथेच मांडून होतो: त्याचा स्वाभिमान, तिची कणव, आणि कणवेची त्याला वाटणारी भीती. अंधत्वावर एकही भाषण नाही. नसीरुद्दीन शाह उत्तम आहेतच, पण आधी तो प्रसंग कागदावर कुणीतरी अचूक लिहिलेला आहे.

'दिशा'बद्दल (1990) फार कमी लोक बोलतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. गावात वर्षानुवर्षं एकटाच विहीर खणणारा ओम पुरी, आणि मुंबईच्या गिरणीत काम शोधायला निघालेला नाना पाटेकर. एका खोलीत दाटीवाटीने राहणारे, पाळीप्रमाणे झोपणारे कामगार. हलकाफुलका विनोद लिहिणारी तीच लेखणी इथे किती संयमाने चालते ते बघण्यासारखं आहे.

संवाद लिहायला शिकणाऱ्या मुलामुलींना मी 'चष्मे बद्दूर', 'स्पर्श' आणि 'दिशा' हेच तीन सिनेमे सुचवते. एकदा नेहमीसारखे बघा, मग पडद्याकडे पाठ करून नुसते ऐका. आणि 'सय' हे त्यांचं आत्मकथन जवळ ठेवा. कुठला प्रसंग कसा सुचला, कुठे अडलं, कोणी साथ दिली, हे त्यात त्या मोकळेपणाने सांगतात.